ईएसजीचा एकच आकडा छापून भागणार नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गुंतवणुकीच्या पानावर तुम्ही हल्ली फंडांच्या यादीत ईएसजी स्कोअरचा एक रकाना देता, ते चांगलंच आहे, पण त्या आकड्यात काय काय कोंबलेलं असतं ते कुठेच नसतं आणि माझी तक्रार तिथेच आहे. ईएसजी म्हणजे पर्यावरण, माणसांशी वागणूक आणि कंपनीचा कारभार, या तीन पूर्ण वेगळ्या गोष्टी, त्यांची सरासरी काढली की गणितात नापास झालेलं पोरगं चित्रकलेच्या मार्कांवर वर सरकतं तसं होतं.

फोक्सवॅगन या जर्मन गाड्यांच्या कंपनीचंच बघा ना. सप्टेंबर २०१५ मध्ये डाऊ जोन्स सस्टेनेबिलिटी इंडेक्सने, म्हणजे अशाच निकषांवर कंपन्या निवडणाऱ्या यादीने, तिला वाहन उद्योगात पहिला नंबर दिला आणि काही दिवसांतच डिझेल गाड्यांच्या प्रदूषण चाचणीत सॉफ्टवेअर टाकून फसवाफसवी केल्याचं बाहेर आलं, जगभरात साधारण १.१ कोटी गाड्या, आणि पहिल्या दोन दिवसांतच शेअर जवळपास एक तृतीयांश खाली. आता ते सॉफ्टवेअर बाहेरून कुणाला दिसणार नव्हतं हे मान्य, पण कारभार तर दिसत होता! मतांचा बहुमताचा हिस्सा एका घराण्याकडे, २० टक्के मतं एका राज्य सरकारकडे, बोर्डावर खरा बाहेरचा, तोंडावर प्रश्न विचारणारा माणूस शोधावा लागायचा. फक्त कारभाराचा रकाना वेगळा वाचला असता तरी गुंतवणूकदार जरा थबकला असता.

दुसरी गंमत म्हणजे मे २०२२ मध्ये एस अँड पी ५०० ईएसजी इंडेक्स या अमेरिकी कंपन्यांच्या यादीतून टेस्ला बाहेर गेली आणि एक्सॉनमोबिल आत राहिली. लोक म्हणाले हा काय विनोद आहे, इलेक्ट्रिक गाड्यावाले बाहेर आणि तेलवाले आत? पण त्यात लॉजिक आहे. तिथे प्रत्येक कंपनीची तुलना तिच्याच उद्योगातल्या बाकीच्यांशी होते आणि टेस्लाच्या बाबतीत कारखान्यातल्या वंशभेदाच्या तक्रारी वगैरे आडव्या आल्या. म्हणजे यादीत आहे याचा अर्थ "स्वच्छ कंपनी" असा नाहीच, आपल्या गटात इतरांपेक्षा बरी इतकाच. शिवाय बऱ्याच रेटिंगमध्ये मोजतात ते हवामान, कायदे, संप यांचा कंपनीच्या नफ्याला किती धोका आहे हे, कंपनीमुळे नदीचं काय झालं हे नव्हे. किती वाचकांना हा फरक माहीत असेल शंकाच आहे.

आणि रेटिंगवाल्यांचं तरी आपसात कुठे जुळतं? अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी ६ संस्थांचे स्कोअर ताडून बघितले तर सहसंबंध (पूर्ण जुळलं तर १) सरासरी ०.५४ निघाला, क्रेडिट रेटिंगमध्ये, म्हणजे कंपनी कर्ज फेडेल का याच्या गुणांमध्ये, तो ०.९ च्या वर असतो. निम्म्याहून जास्त फरक का, तर एकच गोष्ट प्रत्येकजण वेगळ्या पद्धतीने मोजतो. कामगारांचं भलं कुणी नोकरी सोडणाऱ्यांच्या प्रमाणावरून ठरवतं, कुणी कोर्टकेसेसवरून.

म्हणून हे सगळं थोतांड आहे असं मी म्हणत नाही, बोर्ड, अपघात, दंड, पाणी हे बघितल्याशिवाय शेअर घेणं मला तरी पटत नाही. फक्त तुमच्या तक्त्यात तिन्ही गुण वेगवेगळे द्या, स्कोअर कोणत्या संस्थेचा तेही लिहा, आणि जागा उरलीच तर फंडातल्या पहिल्या १० कंपन्यांची नावं छापा.

आपला,
एक नियमित वाचक