वासासकट आवडला होता ना मोहल्ला? मंत्रीमहोदयांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्रीमहोदय,

विषय: बंदरावरच्या मोहल्ल्यात चिकटवलेली नोटीस आणि आपण हिवाळ्यात माईकवर दिलेला शब्द.

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी बोटींच्या इंजिनांचा मेकॅनिक. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावर, जेटीला लागूनच, भाड्याच्या गाळ्यात माझं वर्कशॉप आहे. गावाचं आणि मोहल्ल्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की येत्या शनिवारी आणखी दहा गाड्या गल्लीत शिरणार, आणि तुम्हाला तसंही माहितीये कुठला मोहल्ला ते. हिवाळ्यात तुम्ही स्वतः येऊन गेलात, मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये सुरमईचं ताट जेवलात आणि म्हणालात की मोहल्ल्याचं रूप आहे तसं जपू, बायकांना मासळी वाळवायला पक्के ओटे बांधून देऊ, बोटदुरुस्तीला जेटीवर शेड देऊ. टाळ्या आम्हीच वाजवल्या.

परवा मंगळवारी सकाळी शटर उघडायला गेलो तर शटरवर नोटीस. यंत्रदुरुस्तीचा आवाज, तेलगळती आणि मासळी वाळवल्यामुळे पसरणारी दुर्गंधी याबाबत रहिवाशांच्या तक्रारी आल्या आहेत, सबब पंधरा दिवसांत व्यवसाय हलवावा. दुसरी कॉपी समोरच्या अंगणात, जिथे माझी आई आणि शेजारच्या तिघी जवळा पसरतात तिथल्या खांबाला. आता यातली गंमत बघा. गावात शिरताना नाक्यावर पर्यटनाचा मोठा बॅनर लागलाय, त्यात डावीकडे तुम्ही हात जोडून, आणि उजवीकडे माझंच शटर, अर्धं वर केलेलं, आत मी उकिडवा बसलोय, पुढ्यात हेड उतरवलेलं सहा सिलेंडरचं इंजिन आणि कडेला आईचा जवळा. मला कोणी विचारलं नव्हतं, मीही काही बोललो नाही, म्हटलं गावाचं नाव होतंय तर होऊ दे. म्हणजे साहेब, बॅनरवर आम्ही पाहिजे आणि गल्लीत नको. आईला नोटीस वाचून दाखवली तर म्हणाली, "फोटू काढताना वास येत नव्हता काय त्यांस?" मला काही उत्तर सुचलं नाही. तुम्हीच सांगा तिला.

आता हे तक्रार करणारे रहिवासी कोण? गेल्या चार-पाच वर्षांत आलेले. आणि ते का आले हे तुमच्या कुठल्याही सल्लागारापेक्षा मला जास्त माहितीये, कारण एकेकाला बॅगा घेऊन उतरताना मी गाळ्यातून बघितलंय. त्याआधी या मोहल्ल्यात मुलगी द्यायला लोक कां कू करायचे. अंधार पडला की रिक्षावाले खाली उतरायला जादा पैसे मागायचे. मासळीचा वास, डिझेलचा धूर, बर्फाच्या फॅक्टरीची घरघर, पहाटे तीनला बोट लागली की लिलावाचा आरडाओरडा, आणि अधूनमधून दारू पिऊन मारामारी, ती पण होती, खोटं कशाला बोलू. म्हणून तर भाडं स्वस्त होतं. चिऱ्याच्या जाड भिंती, वर कौलं, मागच्या पडवीतून खाडी दिसणार, आणि भाडं महिना तीन हजार. 2020 ला लॉकडाऊन लागला, कंपन्यांनी पोरांना लॅपटॉप देऊन घरी बसवलं, इथे फायबरची लाईन आली, आणि पुण्या-मुंबईच्या पोरांनी साधा हिशेब केला की तिकडे एका कॉटला जेवढं देतो तेवढ्यात इकडे अख्खं घर मिळतं.

पण नुसतं स्वस्त म्हणून कोणी राहत नाही हो, स्वस्त तर एमआयडीसीच्या मागे पण आहे. इथे सगळं पायी होतं, एसटी स्टँड, बाजार, दवाखाना, पहाटे चारला चहा. आणि इथे रात्रभर कोणीतरी जागं असतं. माझ्या गाळ्यावरच्या माळ्यावर नागपूरकडची एक मुलगी भाड्याने राहायची, कॉम्प्युटरचं काम, परदेशातल्या लोकांबरोबर मीटिंगा, त्या संपायच्या रात्री दोनला आणि मग ही एकटी खाली येऊन जेटीवर चालायची. म्हणायची काका, पुण्यात सोसायटीच्या गेटवर वॉचमन असून भीती वाटायची, इथे वाटत नाही. का वाटेल? बर्फ फोडणारे असतात, नेपाळी खलाशी तांदळाच्या गोणी घेऊन बोटीवर चढत असतात, झोप येत नाही म्हणून कोणी म्हातारा ओट्यावर बिडी ओढत बसलेला असतो. तिला ताप आला तेव्हा पलीकडच्या दालदींच्या, म्हणजे मुसलमान मच्छीमारांच्या, घरातली आपा दोन वेळा पेज पोचवत होती. हे काही तुमच्या स्मार्ट बिर्ट योजनेतून आलेलं नाही. खारवी, दालदी, भंडारी, सगळे एका नळावर भांडत भांडत राहिले, जागा कमी म्हणून घराबाहेर ओट्यावर बसले, त्यातून झालंय हे. नव्या लोकांना जे आवडलं ना, ते हेच. आणि आता तेच हटवायला नोटीस.

आधी आली ती पैसे नसलेली पोरं. चित्रं काढणारी, फोटो काढणारी, एक जण गिटार घेऊन आला होता. त्यांनी बर्फाच्या फॅक्टरीच्या भिंतीवर मोठा निळा बांगडा रंगवला, आम्ही हसलो, पण शिडी आम्हीच दिली. मग त्या बांगड्यासमोर उभं राहून रील काढणारे आले. मग कॅफे आला, जाळीच्या गोडाऊनमध्ये. तिथे भिंतीवर बोटीचा पंखा टांगलाय, चार पात्यांचा, एक पातं टोकाला वाकलेलं. तो मी ओळखतो, कारण खडकावर आपटून वाकलेलं ते पातं मीच दोनदा ठोकून सरळ केलं होतं, आणि शेवटी तो भंगारात किलोच्या भावाने विकला तोही मीच. त्याच्याखाली बसून लोक 180 रुपयांची कॉफी पितात. पितात तर पिऊ दे, माझं काही म्हणणं नाही. पण तोच पंखा चालू इंजिनावर बसवून मी ट्रायल घेतली की ध्वनिप्रदूषण!

कॅफेच्या मागोमाग दलाल आले, आणि दलालांच्या मागोमाग असे लोक आले की जे घर घेतात पण राहत नाहीत. वर्षातून दोनदा येतात, बाकी होमस्टे. रात्रीचे साडेचार हजार. मालक हिशेब करणारच ना, महिन्याचे चार शनिवार-रविवार भरले तरी माझ्या भाड्याच्या कितीतरी पट. त्याला पण काय दोष देऊ, त्याच्या पोराला पण नोकरी नाहीये. आमच्या लायनीत निम्म्याच्या आसपास घरं अशी गेलीत, हवं तर माणूस पाठवून मोजून घ्या, रात्री कुठे दिवा लागत नाही ते बघा म्हणजे झालं. आणि ती वरच्या माळ्यावरची मुलगी, ती तक्रार करणाऱ्यांत नव्हती बरं का, तिलाच मालकाने आधी काढली, आता माळ्यावर एसी लागलाय. म्हणजे जे प्रेमाने राहायला आले ते पण टिकले नाहीत. माझा अकरा महिन्यांचा करार संपतोय, मालक आता बावीस हजार म्हणतो, आधी सात होते. करार रजिस्टर करून द्या म्हटलं तर हसला. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकावर आहे असं वकिलाने सांगितलं, पण कायदा दाखवणाऱ्या भाडेकरूला पुढचा करार कोण देणार?

आता तुमच्याकडे येतो. तुम्ही म्हणाल यात सरकारचा काय संबंध, मार्केट आहे. संबंध असा की मार्केट तापवता तुम्ही. मुंबई-गोवा हायवेच्या चौपदरीकरणाचं काम 2011 पासून चालूये, माझी पोरगी तेव्हा बालवाडीत होती, आता कॉलेजात आहे, आणि खड्डे जिथल्या तिथे. रेवस-रेड्डी सागरी महामार्ग तर अंतुले मुख्यमंत्री होते त्या काळापासून ऐकतोय. रस्ता येत नाही पण रस्त्याची घोषणा येते, आणि घोषणा झाली की दुसऱ्या दिवशी गुंठ्याचा भाव वाढतो, तो काही कामाचा ठेका निघायची वाट बघत नाही. 2020 च्या मार्चमध्ये मुंबईहून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, सुरू झाली, तिकडच्या लोकांना विचारा जमिनीचं काय झालं. सिंधुदुर्ग 1997 ला पर्यटन जिल्हा झाला, चिपीला 2021 मध्ये विमानतळ झाला, चांगलंय, पण बोटीवरच्या पोराच्या हाताला त्यातून काय लागलं? पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत राहणाऱ्यांनी कंटाळून फोटो काढू नका असे बोर्ड लावले, तिथपर्यंत जायचंय का आपल्याला? आमच्या गल्लीत अजून बोर्ड नाही, पण आई कपडे वाळत घालताना हल्ली आधी दोन्हीकडे बघते.

पाण्याचं तर बोलूच नका. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो इथे, आणि मे महिन्यात आमच्या नळाला करंगळीएवढी धार. होमस्टेवाल्यांचा टँकर रोज वरच्या चौकातून मागे घेत घेत खाली येतो आणि आमच्या हंड्यांना घासून जातो. त्याच्या आवाजाची तक्रार कोणाकडे करायची? मी ऑनलाइन केली, चार दिवसांनी मेसेज आला, तक्रार निकाली काढण्यात आली आहे. टँकर तसाच येतोय.

आणि सीआरझेड, म्हणजे समुद्राकाठच्या बांधकामाचे नियम. आईच्या घराची मागची भिंत तौक्ते वादळात पडली, 2021 ला, ती चिऱ्यात बांधायला परवानगी मागितली तर सांगतात सीआरझेड, शिवाय घराखालची जमीन तुमच्या नावावर नाही. पिढ्यान्‌पिढ्या राहतो, सातबाऱ्यावर आम्ही कुठेच नाही. अजून पत्राच आहे तिथे. आणि त्याच रांगेत, तिसरं घर सोडून, काचेची गॅलरी चढली दोन महिन्यांत. 2019 च्या अधिसूचनेत सीआरझेड-3 मध्ये, म्हणजे गावाकडच्या किनाऱ्यावर, होमस्टेची मोकळीक दिलीय ती स्थानिकांना, मच्छीमारांना, आणि ती पण घराचं जोतं आणि दर्शनी भाग न बदलता. म्हणजे ज्याने कोणी ते लिहिलं त्याला कळत होतं की फायदा कोणाला व्हायला पाहिजे. आमच्याकडे पोचेपर्यंत सगळं उलटं झालं.

मला यात राग का येतो ते सांगतो, कारण हे मी पहिल्यांदा बघत नाहीये. माझे वडील लालबागला गिरणीत फिटर होते. 18 जानेवारी 1982 ला संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर, आणि आम्ही भांडीकुंडी बांधून गावी आलो, मी तेव्हा शाळेत होतो. गिरणगाव तेव्हा कोणाला नको होतं. भोंगे, धूर, चाळी, खानावळी, कोकणातली माणसं. मग 1991 ला नियम आला की गिरणीच्या जमिनीचे तीन भाग करायचे, एक शहराला मोकळी जागा म्हणून, एक म्हाडाला, एक मालकाला. वडील तो पेपर जपून ठेवायचे. 2001 ला नियम बदलला, वाटणी फक्त आधीच मोकळ्या पडलेल्या जागेची, इमारतींखालची नाही, 2006 ला सुप्रीम कोर्टाने पण ते मान्य केलं, आणि टॉवर उठले. गिरणी कामगारांचे घरासाठी दीड लाखाच्या वर अर्ज गेले, त्यात वडिलांचा एक. वडील गेले, अर्ज अजून आहे. परळच्या त्या मॉलमध्ये गिरणीची चिमणी छान ठेवलीय म्हणे, लाईट सोडतात. चिमणी ठेवली आणि चिमणीखालचा माणूस काढला. कॅफेतला तो पंखा बघितला की मला तीच चिमणी आठवते, काय करू!

आणि सगळीकडे हेच चाललंय. माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर 2016 ला निर्बंध घातले, एलईडी लाईटच्या मासेमारीला 2017 पासून बंदी आहे, रात्री आमच्या जेटीवरून बघा समुद्रात दिवाळी दिसते की नाही. बोटींच्या डिझेलवरचा सरकारी परतावा वेळेवर नाही, मग बोटवाला माझं बिल थकवतो, मी मालकाचं भाडं थकवतो, आणि मालक म्हणतो बघ, कॅफेवाला ॲडव्हान्स देतोय. तुम्ही लोक म्हणता मच्छीमार जमिनी विकतो. विकतो, हो. मासे कमी झाले, कर्ज वाढलं, आणि पुढे कोणीतरी नोटांचं बंडल घेऊन उभा आहे, तर विकणारच. त्याला विकायला लागू नये हे बघायचं काम कोणाचं होतं? निवडणूक आली की आम्ही भूमिपुत्र, बाकी पाच वर्षं आम्ही दुर्गंधी.

मागण्या फार नाहीयेत. नोटीस मागे घ्या. ओटे आणि शेड म्हणालात ते बांधा, निदान कुठे बांधणार त्या जागेवर चुना तरी मारून दाखवा. होमस्टेंची नोंद करा, एका गल्लीत किती चालतील त्याला काही मर्यादा घाला. नवीन लोकांना हाकला असं मी म्हणत नाहीये, त्यातले बरेच चांगले आहेत, दोघांनी तर या नोटिशीविरुद्ध आमच्याबरोबर सह्या केल्यात. फक्त जो मोहल्ला बघून ते आले त्यात मोहल्ल्याची माणसं राहू द्या.

1 जूनला मासेमारी बंदी लागते, 31 जुलैपर्यंत बोटी वर असतात, आणि वर्षाचं खरं काम मला त्या दोन महिन्यांतच मिळतं. आत्ताच गाळ्यात तीन इंजिनं उघडी पडलीयेत, एकेक उचलायला सहा माणसं आणि चेनपुली लागते. नोटिशीत हलवा एवढंच लिहिलंय, कुठे ते लिहिलेलं नाही. तेवढा पत्ता पंधरा दिवस संपायच्या आत लेखी कळवा, म्हणजे टेम्पो सांगतो.

आपला,
बंदरावरचा एक मेकॅनिक