मायर घराण्याचा जहाज कारखाना : तात्यांना पत्र

पापेनबुर्ग, जर्मनी

तीर्थस्वरूप तात्यांना शि. सा. न. वि. वि.

शिरोलीच्या आपल्या फाउंड्रीला (ओतकामाच्या कारखान्याला) दोन वर्षांची मोठी ऑर्डर येतेय आणि पार्टी रेट आजच बांधून मागतेय, असं तुम्ही लिहिलंत. होकार देण्याआधी इथल्या मायर घराण्याच्या जहाज कारखान्याचा इतिहास वाचा. सव्वादोनशे वर्षं एकाच घरात राहिलेला हा धंदा कामात कमी पडला म्हणून अडचणीत आला नाही. तो अडकला पेमेंटच्या अटींत.

पापेनबुर्ग हे दलदलीत कालवे खणून वसवलेलं गाव. दलदलीतलं पीट (कुजलेल्या वनस्पतींची जळाऊ माती) जळणासाठी बोटींनी बाहेर जायचं, त्यामुळे बोटी बांधणारे पुष्कळ. त्यांतल्याच विल्म रोल्फ मायर यांनी २८ जानेवारी १७९५ रोजी कारखाना काढला. १८७२ मध्ये योसेफ लांबर्ट मायर लाकूड सोडून लोखंडी जहाजांकडे वळले. गावातले बाकीचे कारखाने एकेक करून बंद पडले, हा टिकला.

त्यांचं एक जुनं काम तुम्हाला नक्की आवडेल. १९१३ मध्ये त्यांनी आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरासाठी ‘ग्राफ फॉन ग्योत्झेन’ हे जहाज बांधलं. समुद्रातून तिथं जहाज नेता येत नाही. म्हणून इथं बांधून ते पुन्हा सुटं केलं, सुमारे ५,००० खोक्यांत भरलं, दार-ए-सलामपर्यंत समुद्रमार्गे आणि तिथून किगोमापर्यंत रेल्वेनं पोचवलं. जुळणीसाठी कारखान्यातून तीन माणसं गेली. एवढ्या खोक्यांत एक भाग चुकीचा गेला तर इथून दुसरा मिळायला महिने लागणार, म्हणजे नंबरिंग आणि पॅकिंग किती चोख असेल बघा. १९१५ मध्ये जहाज पाण्यात उतरलं. पुढच्याच वर्षी, युद्धात शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ते बुडवायचं ठरलं, तेव्हा या लोकांनी आधी इंजिनांना ग्रीसचा जाड थर दिला. १९२४ मध्ये इंग्रजांनी जहाज वर काढलं, तर इंजिनं पुन्हा चालू करण्याजोगी निघाली. १९२७ पासून ‘लिएम्बा’ नावानं त्यानं कितीतरी दशकं प्रवासी वाहिले. मशिनिंग झालेलं कास्टिंग पावसाळ्यात तेल न लावता पाठवायचं नाही, हा तुमचा आग्रह किती बरोबर आहे!

१९७५ च्या सुमारास कारखाना गावातून बाहेर मोठ्या जागेत गेला. त्या काळात जहाज आडवं, कुशीवर ढकलून पाण्यात सोडत. जागा अरुंद असली की तेच सोयीचं, पण दोन्ही टोकं एकदम सुटली नाहीत तर जहाज तिरकं जाऊन पीळ बसतो. १९८६ चं ‘होमेरिक’ हे असं सोडलेलं शेवटचं मोठं जहाज. १९८७ मध्ये छपराखालची सुकी गोदी आली. जहाज पूर्ण झालं की गोदीत पाणी घ्यायचं आणि ते तरंगवत बाहेर काढायचं. नंतर बांधलेली दुसरी गोदी ५०४ मीटर लांब आहे. छपरामुळे वेल्डिंग आणि रंगकाम पावसात थांबत नाही.

आत काम ब्लॉकनं चालतं. प्लेट कापून पॅनेल, पॅनेलचे सेक्शन, सेक्शनचा ब्लॉक. पाइप आणि केबलचे मार्ग त्याच वेळी आत बसवतात. ८०० टनांपर्यंतचा ब्लॉक क्रेन उचलते. खरी डोकेदुखी पातळ डेकची (जहाजाच्या मजल्यांची). वेल्डची उष्णता जास्त झाली की प्लेट लाटा घेते, ब्लॉकच्या कडा जुळत नाहीत आणि मग ज्योतीनं तापवून सरळ करण्यात मजुरी जाते. म्हणून त्यांनी लेसर आणि आर्क (विजेची ज्योत) एकत्र वापरणारं वेल्डिंग आणलं : वेग जास्त, उष्णता कमी.

समुद्र इथून सुमारे ४० किलोमीटर, मध्ये एम्स नदी. भरतीचं पाणी पुरत नाही, म्हणून खाली गांडरझुमला २००२ मध्ये दारांचं धरण झालं. आपण कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बरगे घालतो, तशी दारं बंद करून पाणी चढवतात. जहाज टगांच्या (ओढणाऱ्या छोट्या बोटींच्या) मदतीनं उलटं, शेपटीकडून नेतात, कारण तसं ते वळणांवर जास्त ताब्यात राहतं. याची किंमत नदीनं मोजली आहे. वारंवार खोल केल्यानं पाणी गढूळ झालं, उन्हाळ्यात त्यातला ऑक्सिजन घटतो आणि माशांना जगणं कठीण जातं. हे नुकसान मला लहान वाटत नाही.

आता पैशाचं. इथं बांधतात त्या पर्यटन जहाजाच्या किमतीचा सुमारे २० टक्के भाग बांधताना मिळतो, उरलेले ८० टक्के ताबा देताना. मधला सगळा स्टील, मजुरी, इंजिनांचा खर्च बँकेच्या कर्जावर. कोरोनाआधी ठरलेल्या करारांत भाववाढीचं कलम नव्हतं. साथीत डिलिव्हरी लांबल्या, २०२२ मध्ये स्टील आणि वीज भडकली, रेट मात्र जुनाच. कामाची रांग भरलेली असताना कारखाना बुडायला आला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकार आणि नीडरझाक्सन राज्यानं मिळून ४० कोटी युरो घालून सुमारे ८० टक्के हिस्सा घेतला, वर कर्जाची हमी दिली. घराण्याकडे उरले जेमतेम २० टक्के.

म्हणून पीओवर (खरेदीच्या लेखी ऑर्डरवर) सही करण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या : पिग आयर्न (भट्टीत वितळवायचं कच्चं लोखंड) आणि स्क्रॅपच्या भावाशी जोडलेला रेट, दर तिमाहीला तपासायचा, पॅटर्नचे (साचा बनवायच्या नमुन्याचे) पैसे आगाऊ, आणि माल त्यांनी उशिरा उचलला तरी बिल माल तयार झाल्याच्या तारखेपासून मोजायचं. पहिल्याला ते नाही म्हणाले तर निदान सहा महिन्यांचीच ऑर्डर घ्या. सीसीची (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाची) मर्यादा किती शिल्लक आहे तेही कळवा, म्हणजे महिन्यागणिक आकडे मांडून पाठवतो.

काकूंना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुमचा,
बाळू