सफरचंदं तोडायला जा, पण बाग कोणाची आहे ते विसरू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांसाठी तुमच्या रविवारच्या पुरवणीत लेख आला होता. त्यात सफरचंदांच्या बागांवर एक परिच्छेद आहे. ‘ऑक्टोबर अखेरीस जा, पानांचे रंगही दिसतील; बागेत हवी तेवढी फळं खा, कोणी काही म्हणत नाही,’ असं त्यात लिहिलंय. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. पण मी त्या बागांतून फिरून आले आहे, आणि तासगाव तालुक्यात आमची स्वतःची द्राक्षबाग आहे. ‘कोणी काही म्हणत नाही’ हे वाक्य बागायतदाराच्या घरात कसं ऐकू येतं, ते कळवावं म्हणून हे पत्र.

माझी लेक बॉस्टनच्या पश्चिमेला राहते. तिथून स्टो, बोल्टन, हार्वर्ड (विद्यापीठ नव्हे, त्याच नावाचं गाव) या भागात बागाच बागा आहेत. बॉस्टनहून मोटारीने तासाभराच्या आत. शनिवार-रविवारी मात्र शेवटचे दोन-तीन मैल गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, आणि गावातले पोलीस रस्त्यात उभे राहून गाड्यांना वाट दाखवतात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी तिकडे सुट्टी असते, त्या जोडसुट्टीला तर जाऊच नये. लेकीने रजा टाकून मला मंगळवारी नेलं ते बरं केलं. बागेत शाळेची एक सहल आणि आम्ही, बाकी शांतता.

ऑक्टोबर अखेरचा सल्ला का चुकीचा, ते आधी सांगते. सफरचंद म्हणजे एकच फळ एकदम पिकतं असं नाही. त्या भागात मॅकिंटॉश सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतं, मग कोर्टलंड, हनीक्रिस्प, सप्टेंबर सरता सरता मकाऊन आणि एम्पायर, आणि फुजीसारख्या उशिराच्या जाती ऑक्टोबरच्या मध्यानंतर. आपल्याकडची पाहुणेमंडळी ज्याचं नाव ऐकून जातात ते हनीक्रिस्प, म्हणजे मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ साली बाहेर काढलेली जात, ऑक्टोबर अखेरीस झाडावर शोधूनही सापडत नाही. महिनाअखेरीस गेलात तर पिवळी-लाल पानं बघाल आणि बहुतेक रिकाम्या फांद्यांखाली फोटो काढून याल. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आणि आठवड्यातला मधला वार, असं माझं मत. निघण्याआधी बागेला फोन करायचा किंवा त्यांच्या संकेतस्थळावर कोणत्या ओळी खुल्या आहेत ते बघायचं.

आता फुकट खाण्याचं. फाटकातच पैसे भरून पिशवी घ्यावी लागते. तिकडे पेक नावाचं माप आहे, म्हणजे पाव बुशेल, साधारण साडेचार किलो. एवढ्या पिशवीला आम्ही गेलो तिथे पंचवीस ते तीस डॉलरच्या दरम्यान पडत होते. दुकानात तेवढीच सफरचंदं याहून स्वस्त मिळतात, जावईबापूंनी तिथल्या तिथे फोनवर हिशेब करून दाखवला. मी म्हटलं, अहो, तोडणीची मजुरी आपणच करतोय आणि वर पैसेही आपणच देतोय, हा शेतकरी हुशार आहे. काही बागा आता माणशी प्रवेशशुल्क घेतात, कारण लोक आत जाऊन पोटभर खाऊन, फोटो काढून रिकाम्या हातांनी परत जायला लागले. एखादं फळ चाखून बघायला कोणी हरकत घेत नाही, ते खरं. पण ‘एखादं’ आणि ‘हवी तेवढी’ यांत बागायतदाराचं वर्ष असतं.

मला तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबावंसं वाटलं ते झाडांपाशी. सफरचंदाचं झाड म्हणजे शिडी लावावी लागेल असा वृक्ष, अशी माझी कल्पना. जुन्या बागेत तशी वीस-पंचवीस फुटी झाडं कोपऱ्यात अजून आहेत. पण लोकांना सोडतात त्या ओळींत झाडं माझ्या हाताला येतील एवढीच, तारेला बांधलेली, दाट लावलेली. लांबून बघितलं तर आमच्या बागेचीच आठवण यावी. गुपित खुंटात आहे. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगच्या फळसंशोधन केंद्रातून निघालेला एम-९ सारखा बुटका खुंट खाली आणि हवी ती जात वर कलम केलेली. आपण डॉगरिजच्या खुंटावर थॉमसन जातीचं द्राक्ष चढवतो ते खारं पाणी आणि दुष्काळ सोसावा म्हणून. त्यांचा खुंट झाडाला वाढूच देत नाही, फळ मात्र लवकर देतो. चार वर्षांच्या पोराला जमिनीवर उभं राहून फळ तोडता येतं ते यामुळे. शहरातली माणसं बागेत आणायचा हा सगळा धंदा त्या खुंटावर उभा आहे.

तोडायची रीतही आहे, आणि ती फाटकावरच्या पाटीवर चित्रासकट लिहिलेली असते. फळ तळहातात घ्यायचं, वर उचलत थोडा पीळ द्यायचा. पिकलेलं असेल तर देठासकट हातात येतं. खाली ओढायचं नाही. कारण देठ जिथे फांदीला जोडलेला असतो तिथे बोटभर लांबीची, गाठीगाठींची काडी असते, आणि पुढच्या वर्षीचा फुलाचा डोळा तिच्यावरच याच उन्हाळ्यात तयार झालेला असतो. फळ ओढलं की काडी मोडते, आणि काडी मोडली की पुढच्या वर्षीचं फळ गेलं. द्राक्षवाल्याला हे समजवावं लागत नाही. एप्रिल छाटणीनंतरच काडीत घड धरतो, ऑक्टोबर छाटणीला आपण तो फक्त बाहेर काढतो. कोणी पाहुणा आमच्या मांडवाखाली शिरून काडी पिरगाळायला लागला तर आमचे हे काय बोलतील, ते इथे छापण्यासारखं नाही.

आणि नेमकं तेच मी तिथे बघितलं, तेही आपल्या भाषेत. पलीकडच्या ओळीत आठ-दहा जणांचा मराठी घोळका होता. एक बाई मुलाला सांगत होत्या, “अरे आंबट आहे ना, टाक ते, दुसरं घे.” खाली गवतात एकेक चावा घेतलेली सफरचंदं पडली होती. एक गृहस्थ वरचं एक फळ पाडायला अख्खी फांदी गदागदा हलवत होते. हाताला आलं ते एक, खाली पडली पाच-सहा. पडलेलं फळ बागवाले विकत नाहीत. जमिनीवर हरणांचा वावर असतो, म्हणून लोकांनीही ते उचलू नये असं त्यांचं सांगणं असतं. मी त्या गृहस्थांना म्हटलं, “दादा, बाग आहे हो कुणाची तरी.” ते हसून म्हणाले, “काकू, पैसे भरलेत आपण.” सगळेच असं वागतात असं मी म्हणणार नाही, आणि गोरी मंडळीही काही कमी नव्हती. पण आपल्या वर्तमानपत्रात ‘हवी तेवढी खा’ छापून आलं की या काकांना आधार मिळतो.

बागेचे मालक साठीचे. लेकीने माझी ओळख द्राक्षवाली म्हणून करून दिली, तसे ते ट्रॅक्टरवरून उतरले आणि आमच्या गप्पा फवारणीवर आल्या. शेतकरी कुठलाही असो, तिसऱ्या वाक्याला हवामान येतंच. २०२३ साली फेब्रुवारीच्या एकाच कडाक्याच्या रात्रीत त्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले पीचचे डोळे जवळपास सगळे जळाले. मग १८ मेच्या पहाटे पुन्हा गारठा पडला, फळ नुकतं धरत असताना, आणि न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या त्या ईशान्य कोपऱ्यात, कित्येकांची सफरचंदं गेली. आमच्याकडे फुलोऱ्यात अवकाळी पाऊस येतो आणि डाऊनी हा बुरशीचा रोग घेऊन येतो. त्यांच्याकडे पारा शून्याखाली दोन अंश गेला की फुलं मरायला लागतात. त्याहून जुनी गोष्टही त्यांनी सांगितली. तिथली मूळची मोठी जात बाल्डविन. १९३३-३४ च्या हिवाळ्यात थंडीने बाल्डविनची झाडंच्या झाडं मेली आणि लोकांनी त्यांच्या जागी काटक मॅकिंटॉश लावलं. एका हिवाळ्याने अख्ख्या मुलखाची जात बदलली.

मॅकिंटॉशचा एक खोडसाळपणा आहे. पिकलं की ते झाडावर टिकत नाही, भराभर गळतं, आणि मऊ असल्याने लांबच्या वाहतुकीत डागाळतं. अमेरिकेतली निम्म्याहून जास्त सफरचंदं पश्चिमेकडच्या वॉशिंग्टन राज्यातून येतात. घट्ट, चकचकीत, शीतगृहात महिनोन्‌महिने राहणारी. त्यांच्याशी घाऊक बाजारात भावाची बरोबरी करणं बॉस्टनजवळच्या छोट्या बागेला जमत नाही, आणि शहराजवळची जमीन तर सोन्याच्या भावाची. मग राहिलं काय? गिऱ्हाईकच बागेत बोलवायचं. ट्रॅक्टरला गवताच्या गठ्ठ्यांची गाडी जोडून फेरी मारायची, सफरचंदाचा न गाळलेला रस घालून केलेले डोनट गरम गरम विकायचे. (ते डोनट मला आवडले, लेकीला सांगू नका, माझी साखर बघायला तिने यंत्र आणून ठेवलंय.)

पण गिऱ्हाईक सगळी बाग तोडत नाही. मागच्या बाजूला, दोर लावून बंद केलेल्या ओळींत, जमैकाहून हंगामापुरत्या परवान्यावर आलेले मजूर काम करत होते. छातीला बादली बांधलेली, दोन्ही हात चालू, भरली की खालचं कापड सोडून फळं मोठ्या लाकडी पेटाऱ्यात अलगद उतरवायची. हनीक्रिस्पचा देठ टणक असतो, शेजारच्या फळाला टोचतो, म्हणून तो एकेका फळाचा कात्रीने कापायचा. थिनिंगच्या, म्हणजे घडातले मणी विरळ करायच्या, दिवसांत आमच्या बागेत टोळ्या येतात त्यांची कात्री अशीच चालते. पुढच्या ओळींत लोक हसतखेळत तोडतात ते या मागच्या ओळींच्या जिवावर. पर्यटनाच्या लेखात या माणसांसाठी एक ओळ असायला हरकत नव्हती.

मला मनात घर करून राहिलं ते फाटकावरचं दरपत्रक. बाग त्याची, माल त्याचा, दरही त्याचाच, आणि पैसे आधी. आमच्याकडे फेब्रुवारीत व्यापारी बागेत येतो, मणी तोंडात टाकतो, तोंड वाकडं करतो आणि भाव तो सांगतो. माल उचलतो, निम्मे पैसे ‘आठ दिवसांत’. आमच्या तालुक्यात असे आठ दिवस न संपलेली घरं आहेत, आमचंही त्यात एक. म्हणून परत आल्यापासून मी घरात विषय काढते, दोन ओळी तरी अशा ठेवू, सांगली-कोल्हापूरचे लोक येतील, दर आपण लावू. महाबळेश्वर-पाचगणीला स्ट्रॉबेरीच्या शेतात लोकांना सोडतातच की. राज्याचं कृषी पर्यटन धोरणही २०२० सालीच आलंय.

ह्यांचं म्हणणं, द्राक्ष म्हणजे सफरचंद नव्हे. मण्याला हात लागला की वरची पांढरी झाक जाते आणि तो घड पेटीत बसत नाही. कात्री प्रत्येकाच्या हातात द्यावी लागेल, पोरांच्याही. फवारणी आणि तोडणी यांत सोडायचे दिवस औषधागणिक वेगळे, ते संपल्याशिवाय कोणाला घड तोंडात घालू देता येणार नाही. त्यांचं सगळं खरं आहे. तरीही मी म्हणते, विहिरीकडच्या दोन ओळी. त्या घडांना पेटीत बसायचंच नाही, मग झाक गेली तर गेली.

तेव्हा विनंती अशी, की त्या लेखाची दुरुस्ती छापावी: महिना सप्टेंबर, फळ पिशवीतलं, चव एखाद्याची. आणि तुमच्या पुरवणीच्या प्रतिनिधींना फेब्रुवारीत आमच्याकडे पाठवा. येण्याआधी चार दिवस फोन मात्र करायला सांगा. शेवटची फवारणी कधी झाली ते बघूनच आत सोडू. घडांच्या किलोचा दर तोवर ठरलेला असेल, पाटी मी रंगवायला टाकली आहे.

आपली,
एक द्राक्षबागायतदार वाचक
ता. तासगाव, जि. सांगली