सिएनाच्या चौकात उभी राहू नकोस

सोलापूर, २० जून

चि. मनू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू आईला सहज म्हणालीस, "ट्रामच्या स्टॉपवर जरा डोळ्यांपुढे अंधारी आली, पण ते काही नाही." हिमोग्लोबिन नऊवर आलंय आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात, हे तर तू इटलीची तिकिटं झाल्याचं सांगता सांगता बोलून गेलीस. आई "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. तेव्हापासून घरात इटलीचं नाव निघालं की आम्ही दोघंही विषय बदलतो. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय.

जाऊ नकोस असं म्हणणार नाही. नोकरीतली पहिली मोठी रजा, पैसे तुझ्या पगारातले, आखणी सगळी तुझी. तू पाठवलेला तो कागद मी नानाकाकांना दाखवला. कुठल्या दिवशी कुठलं गाव, कुठली गाडी, मुक्काम कुठे. काका म्हणाले, "पोरगी बापाच्या वरताण निघाली." दिवसभर फार बरं वाटलं.

पण त्या कागदात २ जुलैशी मी अडतो. सिएना, पालिओ, म्हणजे तिथली घोड्यांची शर्यत. मी वाचलं त्याबद्दल. पियाझ्झा देल काम्पो हा उतरता चौक, कडेने माती टाकून घोड्यांची वाट, आणि मधली जागा लोकांना फुकट. शर्यत संध्याकाळी, पण जागा मिळवायची तर दुपारपासून उभं राहायचं, डोक्यावर सावली नाही. पुढे वाटा बंद करतात, मग बाहेर पडणं अवघड. आणि शर्यत किती वेळाची? तीन फेऱ्या, दीड मिनिटाच्या आत-बाहेर. तेवढ्यासाठी तू त्या गर्दीत तासन् तास उभी राहणार, तेही एकटी.

तू म्हणशील, बाबा, मी सोलापूरची आहे, मला उन्हाचं काय सांगता. अगं, सोलापूरचं ऊन आपण दार-खिडक्या लावून काढतो. बारा ते चार इथे कुणी चौकात उभं राहतं का? वाड्यात आक्का अंगणातसुद्धा जाऊ द्यायच्या नाहीत.

त्यापेक्षा असं कर. त्याच दिवशी सकाळी शेवटची चाचणी शर्यत असते. ऊन कोवळं असतं. ती बघ. दुपारी खोलीवर आडवी हो. सतरा मोहल्ल्यांपैकी दहांचेच घोडे धावतात, आणि शर्यतीआधी प्रत्येक मोहल्ला आपला घोडा देवळात नेऊन त्याला आशीर्वाद देववतो. जुलैची शर्यत प्रोव्हेंझानोच्या मातेच्या नावाची, म्हणून जिंकलेला मोहल्ला निशाण घेऊन थेट तिच्या देवळात जातो. तिथे बाहेर थांबलीस तर उन्हं उतरलेली असतील आणि गाणारी, रडणारी माणसं अगदी जवळून दिसतील. मला तर शर्यतीपेक्षा तेच बघण्यासारखं वाटतं.

बघ, लेक्चर सुरू झालं. माफ कर. तू तीस वर्षांची होत आलीस हे मला कळतं, फक्त वेळेवर आठवत नाही.

फ्लॉरेन्सचं मात्र बोलायलाच हवं. तिथल्या मोठ्या चर्चच्या, सांता मारिया देल फिओरेच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. मध्ये परत फिरायचं म्हटलं तर अरुंद वाट, मागे रांग. हिमोग्लोबिन नऊ असताना हे नको, असं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हीच ना त्या घुमटाचं चित्र कॉलेजपासून जपून ठेवलंय?" मी काही बोललो नाही.

सांगलीला दुसऱ्या वर्षाला सरांनी तो घुमट फळ्यावर काढला होता. तेव्हापासून मनात आहे. तो बांधणारा ब्रुनेलेस्की मुळात सोनार. १४२० ला काम सुरू झालं आणि १४३६ ला घुमट पुरा झाला, तोही जमिनीपासून लाकडी सेंटरिंग, म्हणजे ओल्या बांधकामाला खालून आधार, न उभारता. आमच्या खात्यात साध्या पुलाच्या स्लॅबलाही मी सेंटरिंगशिवाय सही केली नसती. त्याने दोन कवच केली, एकात एक, आणि विटा नुसत्या आडव्या न लावता मध्ये मध्ये उभ्या विटांची वीण घातली. चुना ओला असतानाही वरची वीट आत घसरत नाही ती त्या उभ्या विटांमुळे. तू जो जिना चढशील तो त्या दोन कवचांच्या मधूनच जातो. तिथे विटा उघड्या दिसतात म्हणे.

तू सहा-सात वर्षांची असताना आपण विजापूरला गोल घुमटात गेलो होतो. सज्जात पलीकडे जाऊन तू भिंतीशी "बाबा" म्हणालीस आणि ते माझ्या कानाशी आलं. मग तू खाली यायलाच तयार होईनास. एवढंसं तोंड करून विचारलंस, "हे पडत का नाही?" मी जिन्यात बसून रुमालावर विटांची कमान काढून दाखवली. खाली उतरेपर्यंत तू माझ्या खांद्यावर झोपलीस, आणि तुझ्या आईला वाटलं पोरीला ऊन लागलं. तेव्हापासून तिची धास्ती आहे, आता मलाही लागलीय.

तेव्हा चढायचंच असेल तर सकाळची पहिली वेळ घे. खाऊन जा. वर काम करणाऱ्या गवंड्यांना जेवायला खाली उतरावं लागू नये म्हणून ब्रुनेलेस्कीने वरच खाण्या-पिण्याची सोय केली होती, असं सांगतात. अंधारी आली तर लाजू नकोस, तिथेच पायरीवर बस, मागच्यांना थांबू दे. आणि चढलीस तर त्या उभ्या विटांचा एक फोटो माझ्यासाठी काढ. फ्लॅश नको, कडेने उजेड येऊ दे.

रोमची काळजी कमी आहे. तिथे रस्त्यांत लोखंडी नळ आहेत, नाझोने म्हणतात, दोन-अडीच हजार तरी असतील. पाणी थंड, पिण्याचं, सारखं वाहतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून धार उडते, भांडं लागत नाही. प्रत्येक नळाशी थांब, तहान नसली तरी. पँथेऑनमध्ये, त्या जुन्या रोमन देवळात, मान वर करून फार वेळ उभी राहू नकोस, बाकावर बसून बघ. ४३ मीटरचा घुमट, लोखंडाची एक सळी नाही, आणि जवळजवळ १९०० वर्षं उभा आहे. देवळांसाठी ओढणी जवळ ठेव, उघडे खांदे चालत नाहीत.

गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, लोह अंगी लागत नाही. लिंबू-पाण्याबरोबर घे. आईने मेतकूट आणि नाचणीचं सत्त्व पाठवलंय, ते खा, कपाटात ठेवू नकोस.

२ तारखेला तिकडे संध्याकाळचे साडेसात म्हणजे इथे रात्रीचे अकरा. मी जागा असेन. कुठेही असलीस तरी फोन उचल.

तुझे
बाबा

ता. क. रक्त पुन्हा तपासशील तेव्हा आकडा मला कळव, आईला नंतर.