पावसातलं वाचन

फोंडा, आषाढ

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, सध्या काय वाचतेस?" कुकर लावला होता, म्हणून दोन शब्दांत आटोपलं. पण मनात बरंच साठलंय. पाऊस असा लागलाय की दोन दिवसांचे कपडे दांडीवर ओलेच आहेत.

धर्मानंद कोसंबींचं 'निवेदन' हे आत्मचरित्र वाचलं. माणूस आपला, वास्कोच्या वाटेवरच्या साखवाळचा. माडांची बागायत सांभाळताना 'बालबोधमेवा' मासिकात बुद्धाचं चरित्र वाचतो आणि ते मनात असं घर करतं की १८९९ मध्ये घरच सोडतो. पुणं, काशी, नेपाळ, मग सिलोन. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकला. भाषा अगदी साधी. केलेल्याचा डांगोरा नाही, आणि खचल्याचे दिवसही झाकलेले नाहीत. गोव्यातल्या घराघरात हे पुस्तक हवं.

एक गोष्ट मात्र माझ्या घशाखाली उतरत नाही. तो निघाला तेव्हा घरात बायको होती, तान्ही मुलगी होती. ज्ञानासाठी गेला, त्याच्यामुळे बुद्धाचे ग्रंथ मराठीत आले, सगळं मान्य. पण त्या बाळंतिणीने ते दिवस कसे काढले? मी पानोपानी तेच शोधत होते. मिळालं त्याने समाधान झालं नाही.

आणि त्यावरच दामोदर मावजोंची 'कार्मेलीन' ही कादंबरी हाती आली. कोंकणीतूनच वाचली. हीसुद्धा लेक मागे ठेवून जाते, पण पोटासाठी. कुवेतला आया म्हणून, दुसऱ्याची मुलं सांभाळायला. नवरा दारुडा, तिकडे मालकाचा जाच, तरी गावी पैसे येत राहतात. मावजोंनी तिला देवी केलं नाही, बिचारीही केलं नाही. आपल्या वाड्यावरच्या बायका आखातातून सुट्टीवर यायच्या, साबण नि अत्तरं वाटायच्या, आम्ही घ्यायचो. तिकडे कशी राहतेस गो, असं एकीलाही विचारलं नाही मी. पुस्तक मिटल्यावर त्याची फार लाज वाटली.

जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा विज्ञानकथांचा संग्रह तुझ्या कपाटातून काढला. विज्ञान इतकं स्वच्छ सांगितलंय की मलाही कळलं. माणसं मात्र मनात राहत नाहीत, प्रश्न विचारण्यापुरती येतात नि जातात. त्यांनी पहिली कथा टोपणनावाने स्पर्धेला पाठवली होती, ओळखीवर बक्षीस नको म्हणून. हे मला त्या कथांहून जास्त आवडलं.

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' सलग वाचू नकोस. महिन्याला एकच लेख. मी घाईने तीन वाचले आणि तिन्ही एकात एक मिसळले.

तू बंगळूरला निघालीस तेव्हा बसस्थानकावर मी सारखी "मिसकुटाच्या लोणच्याची बरणी उभी ठेव, तेल सांडेल" एवढंच म्हणत होते. दुसरं काही बोलवेना. 'कार्मेलीन' वाचताना ते आठवलं आणि पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ पडवीत बसले.

'निवेदन' पोस्टाने पाठवते आहे. पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत. माझं मन राखायला काही लिहू नकोस. मी त्या माणसाला फार कडक माप लावते आहे असं वाटलं तर तसं स्पष्ट कळव. चवथीला येताना रिकामी बरणी आठवणीने आण.

तुझी,
आई