फळ्याची किल्ली कोणाकडे आहे?

मा. नगराध्यक्षा ताई,
सप्रेम नमस्कार.

ताई म्हटलं याचा राग मानू नका. वयाने तुम्ही माझ्या मुलीएवढ्या, पण खुर्चीचा मान ठेवायचा तर आपल्याकडे माणूस ताई नाहीतर अण्णा होतो. मी एसटीतून निवृत्त झालेला वाहतूक नियंत्रक. 32 वर्षांच्या नोकरीतली 19 वर्षं स्टँडवरच्या जाळीच्या खिडकीमागे गेली. हातात माईक, शेजारी फळा, खिशात खडू. लोकांना वेळेवर सांगणं एवढंच माझं काम होतं. त्यामुळे ज्याने सांगायचं तोच गप्प बसला की मला दुसऱ्यांपेक्षा जरा जास्तच टोचतं.

गावाचं नाव या पत्रात घालत नाही. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात हे वाचलं तरी लोक म्हणतील, आपलंच लिहिलंय. तुम्हाला मात्र बरोबर कळेल.

मागणी एकच आहे. दर सोमवारी सकाळी नगरपरिषदेने एक कागद काढावा. या आठवड्यात पाणी कधी, कुठला रस्ता खणणार, काय बंद राहणार, आणि मागच्या सोमवारी सांगितलेल्यातलं काय झालं नि काय राहिलं. एक पान, मोठ्या अक्षरात. बस्स.

हे डोक्यात कुठून आलं ते सांगतो. गेल्या गणपतीत, गौरी यायच्या आदल्या दिवशी, घरात मुंबईची चौदा माणसं. आमच्या आळीला दिवसाआड पाणी येतं आणि तो पाण्याचा दिवस होता. सकाळी नळ उघडला तर नुसती फुसफुस. आठ वाजले, नऊ वाजले. शेजारच्या वहिनींनी व्हॉल्व्हमनला फोन लावला. तो म्हणाला, पाणी उपसायच्या जॅकवेलची मोटर काढली आहे, उद्या संध्याकाळशिवाय काही नाही, आणि नोटीस लावली आहे की! हिने ओट्यावरच्या रिकाम्या कळशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी चपला घातल्या आणि थेट नगरपरिषद गाठली.

नोटीस खरंच लावलेली होती. जिन्याखाली, काचेच्या दाराच्या फळ्यात, दोन दिवस आधीची तारीख घालून. काचेला गंजलेलं कुलूप. आत वरच्या बाजूला 2022 सालची एक निविदा सूचना, दमट हवेने फुगून पापडासारखी झालेली. कोपऱ्यात पालीची दोन अंडी. आमची नोटीस एकाच टाचणीवर लटकत होती, त्यामुळे मधोमध दुमडून खाली आली होती. वाचता येत होतं ते एवढंच: ‘तरी सर्व नागरिकांनी याची नोंद घ्यावी.’ कशाची नोंद, ते घडीच्या आत. शिपायाला म्हटलं, बाबा रे, एवढी घडी तरी सरळ कर. तो म्हणाला, किल्ली साहेबांच्या कपाटात, आणि साहेब जिल्ह्याला मीटिंगला.

तेव्हा तुम्ही खुर्चीवर नव्हता, त्यामुळे त्या दिवसाचा दोष तुमच्या माथी नाही. आणि मोटर बिघडली याबद्दल तर कोणालाच बोल लावत नाही. यंत्र आहे, बिघडणारच. आमच्या गाड्या घाटात बंद पडत नव्हत्या का? गाडी दीड तास उशिरा आहे असं माईकवर सांगितलं की मला चार शिव्या पडायच्या, पण सांगितल्यावर माणसं हलायची. कोणी चहाला जायचं, कोणी वडाप पकडायचं, कोणी पीसीओवरून घरी कळवायचं. न सांगता गाडी आली नाही तर तीच माणसं जाळी हलवायला यायची. गणपतीत आम्हाला आदल्या संध्याकाळी कळलं असतं तर पिंप भरलं असतं, चौघांना पुतण्याकडे पाठवलं असतं. शिव्या घातल्या असत्या त्या वेगळ्या.

आता समुद्राकडे वळू, कारण आपलं गाव घाटावरचं नाही. धक्क्यावरची कुठलीही मावशी भरतीची वेळ तुम्हाला बोटांवर सांगेल. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, पुनव-अवसेला बाराच्या अलीकडे-पलीकडे. उधाण कधी आणि भांग, म्हणजे कमी चढणारी भरती, कधी हे तिला शिकवावं लागत नाही. चंद्र कुठे आहे यावरून तिला पाणी कळतं. नळाचं पाणी कधी येणार ते कळायला मात्र तिच्याजवळ तिथी नाही.

तरी पावसाळ्यात मावशीचं गणितही अपुरं पडतं. बाजारपेठेतलं मोठं गटार खाडीला मिळतं. उधाणाची भरती चढली की खाडी गटाराच्या तोंडाशी येऊन उभी राहते, आणि नेमक्या त्याच दोन तासांत वरून पाऊस कोसळला तर बाजारातल्या पाण्याने जायचं कुठे? ते दुकानांत शिरतं. राजापूरच्या जवाहर चौकातले व्यापारी अर्जुना आणि कोदवली नद्यांकडे नजर ठेवूनच पावसाळा काढतात, तशी आपल्याकडची खालची दुकानं खाडीकडे बघत बसतात. गेल्या जुलैत एका दुकानदाराची साखरेची पोती भिजली. त्याला भरती ठाऊक होती, पाऊस डोळ्यांना दिसत होता, पण दोन्ही मिळून किती पाणी येईल याचा अंदाज त्याला एकट्याला कसा यायचा?

भरतीच्या वेळा वर्षभर आधी छापलेल्या असतात. हवामान खात्याचा पावसाचा इशारा येतो, उंच लाटांचा इशारा हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या केंद्राकडून येतो, आणि हे सगळं कार्यालयाच्या ग्रुपवर फिरतं. फिरतं आणि तिथेच राहतं. त्यातून ‘बुधवारी दुपारी अकरा ते दोन बाजारात पाणी येऊ शकतं, माल फळीवर घ्या’ एवढं एक वाक्य काढायला माणूस बसवायचा आहे. मुंबईत साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरत्यांच्या तारखा पावसाळ्याआधीच जाहीर होतात, वर्तमानपत्रं त्या छापतात, लोक कात्रण कापून ठेवतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. ते ज्यांनी भोगलंय ते असं कात्रण फेकत नाहीत.

आपल्या बाजूचं उदाहरण हवं तर 22 जुलै 2021 चं चिपळूण घ्या. वाशिष्ठी नदी रात्रीत चढली आणि पहाटे लोक पहिला मजला शोधत होते. आमच्या खात्यातली माणसं आगारात अडकली. रोकड वाचवायला आगारातला अधिकारी बुडालेल्या बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिला, ते फोटो तुम्हीही पाहिले असतील. ते बघताना माझ्या मनात येत होतं की आदल्या संध्याकाळी गाड्या उंचावर नेऊन लावा असं कोणी ठणकावून सांगितलं असतं तर!

कोणी म्हणेल, व्हॉट्सअॅप आहे, फेसबुक आहे, कागद कशाला? चार वर्षं प्रशासक होते तेव्हा नगरपरिषदेचं फेसबुक पान सुरू झालं. मुलाच्या फोनवर मी ते खालपर्यंत बघितलं. जयंत्या, पुण्यतिथ्या, सणांच्या शुभेच्छा, भूमिपूजनाच्या कुदळी, स्वच्छतेची शपथ घेणारे हात. त्या मोटरबद्दलची पोस्टही होती, रात्री पावणेबाराला टाकलेली. त्या काळात नगरसेवकही नव्हते. नगरसेवक निदान टपरीवर गाठता येतो. डिसेंबर 2025 मध्ये मतदान झालं, 21 तारखेला निकाल लागला आणि लोकांनी तुम्हाला थेट निवडून दिलं, तेव्हा आमच्या आळीत फटाके वाजले ते काही फोटोंसाठी वाजले नाहीत.

आणि फोनवरच भरवसा ठेवायचा असेल तर 3 जून 2020 आठवा. निसर्ग वादळ येऊन गेल्यावर श्रीवर्धन-दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती, टॉवर बंद, फोन म्हणजे नुसती काच. तेव्हा कौलं कधी मिळणार, पंचनामा कोणत्या वाडीत कधी, हे तोंडोतोंडीच कळायचं, आणि तोंडोतोंडी कळलेलं निम्मं खोटं निघायचं. भिंतीवरच्या कागदाला चार्जिंग लागत नाही.

मी कायद्याचा माणूस नाही, पण निवृत्तीनंतर वेळ असतो. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम वाचा. लोकांनी अर्ज करायची वाट बघू नका, माहिती आपणहून, ठरावीक काळाने देत राहा, असं त्यात आहे. स्थानिक भाषेत द्या, त्या भागात जी पद्धत चालते तिने द्या. मार्गही सांगितलेत: नोटीस बोर्ड, वर्तमानपत्रं, जाहीर घोषणा, इंटरनेट. जाहीर घोषणा म्हणजे दुसरं काय, दवंडीच की! मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्यात तर सरळच लिहिलंय की जाहीर सूचना त्या भागात ठळक जागी चिकटवाव्यात, दवंडी पिटावी, नाहीतर वर्तमानपत्रात द्यावी. इंग्रजालाही कळत होतं की ठळक जागा म्हणजे जिन्याखाली नव्हे.

तर कागद कसा असावा, ते मी माझ्या फळ्याच्या पद्धतीने लिहून दाखवतो. दिवस-वेळ मनाचे आहेत.

‘सोमवार ते रविवार. बाजारपेठ आणि वरची आळी: पाणी मंगळ, गुरू, शनी, सकाळी 6 ते 7. खालची आळी आणि कोळीवाडा: सोम, बुध, शुक्र, त्याच वेळी. या शुक्रवारी मोटर दुरुस्ती, पाणी नाही. टँकर शाळेसमोर दुपारी 3 वाजता. बुधवारी पौर्णिमा, शुक्रवारपर्यंत उधाण, भरती दुपारी 12 ते 2 च्या दरम्यान. पाऊस जोराचा असेल तर खालच्या दुकानदारांनी माल उचलून ठेवावा. दवाखान्याचा रस्ता गुरुवारी खणणार, रविवारी बुजवणार. मागच्या सोमवारचं: मासळी बाजारातले दिवे लागले. पुलाजवळचं गटार काढायचं राहिलं, जेसीबी आला नाही. आता शनिवारी.’

ताई, यातला शेवटचा ‘मागच्या सोमवारचं’ हा भाग सोडून बाकी सगळं काढलंत तरी मी भांडणार नाही. स्टँडच्या फळ्यावर गाडीचं नाव आणि सुटायची वेळ झाल्यावर शेवटी एक रकाना असायचा, ‘शेरा’. लोक आधी तोच वाचायचे. ‘रद्द’, ‘उशिरा’, ‘मार्ग बदल’. कोरा शेरा असलेल्या फळ्याकडे कोणी बघतसुद्धा नव्हतं. राहिलं ते राहिलं म्हणून लिहायला तुमच्या लोकांना जड जाईल. सुरुवातीला मलाही जायचं. आगार व्यवस्थापक म्हणायचे, कशाला लिहितोस, बोंब होते. बोंब दोन महिने झाली. मग लोक खिडकीशी येऊन विचारेनासे झाले, कारण फळ्यावर असायचंच.

एक विनंती, मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै हे छापून जागा घालवू नका, पोरंसोरं पाठ म्हणून दाखवतील. धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा चिखल होड्या परत उतरायच्या आधी उचलणार का, ते छापा. तुमचा किंवा माझा फोटोही नको.

कागद कुठे लावायचा ते तुम्हाला सांगायला नको. मासळी बाजार, स्टँड, रेशन दुकान, दवाखाना. अक्षर न येणाऱ्यांसाठी घंटागाडी आहेच. तिच्यावर भोंगा आहे, रोज सकाळी तेच एक गाणं वाजवून तिने आळीच्या कुत्र्यांनाही पाठ करून टाकलंय. त्यातलं एक मिनिट पाण्याच्या वेळेला द्या. आमची ही घंटागाडीला न चुकता बादली घेऊन उभी असते, तिला दुसऱ्या कुठल्या माध्यमाची गरज नाही.

माणसं कमी आहेत, हे उत्तर मला माहीत आहे. खरंही आहे. पण वेंगुर्ल्यासारख्या छोट्या नगरपरिषदेने कचऱ्याची जागा अशी करून दाखवली की बाहेरगावचे लोक ती बघायला जायला लागले. आपल्याला तर एक पान लिहायचंय. आणि अगदीच कोणी नसलं तर मी आहे. अक्षर अजून बरं आहे, लांबून वाचता येतं. कार्यालयाने रविवारी संध्याकाळी मजकूर द्यावा, मी फळ्यावर उतरवून देईन. मानधन नको, खडूही माझ्याकडे आहेत, निवृत्तीच्या वेळी डब्यात उरलेले.

येत्या सोमवारी सकाळी सात वाजता, लिलाव सुरू व्हायच्या आधी, मी मासळी बाजाराच्या फळ्यापाशी येतो. त्यालाही काचेचं दार आहे आणि कुलूप आहे. त्याची किल्ली कोणाच्या कपाटात आहे, तेवढं मात्र रविवारपर्यंत कळवा.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, वरची आळी