आणखी दोन वर्षं

हरारे, रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

आधी सांगून टाकते, म्हणजे फोनवर अडखळायला नको. मी आणखी दोन वर्षांच्या करारावर सही केली. दिवाळीला पंधरा दिवस येतेय, पण परत इकडेच.

आई, रडू नकोस. इथे पुण्यापेक्षा गार आहे, गुजराती दुकानात तूरडाळ मिळते, वीज गेली तर घरमालकिणीचं सोलर आहे. साडझा म्हणजे मक्याच्या पिठाची उकडच, फक्त तुझी फोडणी नाही.

बाबा, "आपल्याकडे काय कमी वेडे आहेत?" असं तुम्ही म्हणणार. नाहीत कमी. पण दीड कोटीच्या या झिंबाब्वेत मनोविकारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. त्यांतल्याच डॉ. डिक्सन चिबांडांच्या एका तरुण पेशंटकडे हॉस्पिटलपर्यंत यायला बसभाड्याचे १५ डॉलर नव्हते. ती आली नाही, तिने जीव दिल्याची बातमी आली. मग २००६ साली त्यांनी म्बारे वस्तीतल्या १४ आज्या हाताशी धरल्या. दवाखान्याबाहेर लाकडी बाक, त्यावर आजी आणि शेजारी ज्याचं मन जड आहे तो. या बाकाचा उपयोग होतो का, ते बघणारी चाचणी २०१६ साली छापून आली, तिच्यात २४ दवाखान्यांतले ५७३ जण होते. सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांचा त्रास इतरांपेक्षा बराच कमी निघाला. (तुम्हाला आकडे लागतात, म्हणून.) आजीला वाटलं की हे औषधाचं काम आहे, तर तो माणूस माझ्यासारखीकडे येतो. अशा माझ्यासारख्या फार नाहीत, एवढंच माझं म्हणणं. तुमच्यापेक्षा हे लोक जवळचे, असं नाही हो.

इथे कोणी डिप्रेशन म्हणत नाही. 'कुफुंगिसिसा' म्हणतात, फार विचार करणं. आजी मागच्या आठवड्याबद्दल विचारते : डोक्यात खूप विचार होते का? क्षुल्लक कारणावरून चिडलात का?

बाबा, तुम्ही पहाटे तीनला पडवीत बसता. आईने सांगितलं, तिच्यावर चिडू नका. लहानपणी मला ताप आला की रात्रभर पायरीवर मांडीवर घेऊन बसायचात, तीच पडवी ना? नानाकाकांच्या वेळी आपण सगळे गप्प बसलो. आता नाही बसायचं.

१४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा नंबर, फुकट, मराठीत बोलतात. कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, विसरल्यास दुपारी दोन गोळ्या एकदम नकोत. दुपारच्या चहानंतर पुन्हा चहा बंद. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला नाही आणला. मोरी कोरडी ठेवा.

पुढच्या रविवारी तुमच्या साडेनऊला फोन करते, इथे सहा वाजलेले असतात. बाबा, "घे, आईशी बोल" म्हणून लगेच फोन देऊ नका. दहा मिनिटं तुम्ही बसा.

तुमची,
चिमी